तेरा द्राक्षांची एक बाटली : शातो द बोकास्तेल, २०१६

शातोनफ-द्यु-पापच्या वाइनविषयी लिहिणारा जवळजवळ प्रत्येक जण गोट्यांपासून सुरुवात करतो. दक्षिण फ्रान्समध्ये, रोन नदीच्या डाव्या काठावर, ओरांज आणि आविन्यों या दोन शहरांच्या मध्ये असलेल्या या परिसरातले काही द्राक्षमळे इतक्या दाट गोट्यांनी झाकलेले आहेत की खाली माती असेल यावर प्रथमदर्शनी विश्वास बसत नाही. मुठीएवढ्यापासून नारळाएवढ्यापर्यंतचे, तांबूस-पिवळसर, गुळगुळीत असे हे गारगोटीच्या जातीचे दगड आल्प्सकडून आलेल्या प्रवाहांनी फार प्राचीन काळी घासत-घोळवत इथे आणून टाकले आहेत. फ्रेंच लोक त्यांना ‘गाले रूले’, म्हणजे गडगडत आलेले गोटे, म्हणतात. दिवसभर ते तापतात, रात्री ती ऊब वेलींना परत देतात आणि त्यामुळे इथली वाइन इतकी भरदार होते, असे सांगण्याची पद्धत आहे. एका ऑक्टोबरच्या संध्याकाळी याच परिसरातल्या कूर्तेझों गावाच्या रस्त्याकडेला वाकून मीही त्यातला एक गोटा हातात घेतला होता, आणि सूर्य मावळून बराच वेळ झाला असूनही तो कोमट लागला तेव्हा या वाइनचे रहस्य आपल्या तळहातावर आले आहे असे मला वाटले होते.

ते आले नव्हते. याच परिसरात रायास नावाचा मळा आहे. तिथे गोटे जवळजवळ नाहीत, जमीन रेताड आहे, भोवती झाडी आहे, लाल वाइन ग्रेनाश या एकाच द्राक्षाची होते, आणि तरीही तिच्या बाटलीसाठी जाणकार वाटेल ती किंमत मोजायला तयार असतात. गोटेच सर्व काही घडवत असते तर रायासची वाइन संभवलीच नसती. शिवाय ज्या प्रदेशात उन्हाची कधी वानवा नसते तिथे रात्रीची आणखी ऊब हे वरदानच असेल असेही नाही; गोट्यांच्या आच्छादनामुळे खालची ओल उडून जात नाही, हा त्यांचा दुसरा गुण कोरड्या उन्हाळ्यात कदाचित अधिक कामाचा ठरत असेल. म्हणून शातो द बोकास्तेलची २०१६ची बाटली उघडताना मी गोटे बाजूला ठेवले आणि ही वाइन माणसांच्या कोणत्या निर्णयांतून तयार झाली आहे याकडे पाहायचे ठरवले. अशा दृष्टीने पाहिले तर ती फार निराळी दिसते.

बोकास्तेलचा मळा या परिसराच्या उत्तर टोकाला, कूर्तेझोंमध्ये आहे. पिएर द बोकास्तेल नावाच्या गृहस्थाने १५४९ मध्ये कुदुले या ठिकाणी एक कोठार आणि त्याच्या भोवतीची जमीन विकत घेतली, तिथून या नावाचा इतिहास सुरू होतो. त्याच घराण्यातल्या पुढच्या एका पिएरने प्रॉटेस्टंट पंथ सोडून कॅथलिक पंथ स्वीकारला आणि त्याबद्दल चौदाव्या लुईने १६८७ मध्ये त्याला कूर्तेझों शहराचा कॅप्टन नेमले. मात्र वाइनच्या दृष्टीने खरा इतिहास अलीकडचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलोक्सेरा या मुळांवर जगणाऱ्या किडीने फ्रान्समधले मळे उद्ध्वस्त केले आणि त्या संकटाची सुरुवात रोनच्या याच खालच्या खोऱ्यातून झाली. बोकास्तेलच्या वेलीही त्यात गेल्या. १९०९ मध्ये पिएर त्रामिए यांनी ही जमीन घेतली, त्यांच्यानंतर ती जावई पिएर पेरँ यांच्याकडे आली, आणि पुढे पिएर यांचे पुत्र झाक पेरँ यांनी तिला आजचे रूप दिले. झाक यांचे १९७८ मध्ये निधन झाले. त्यानंतर झाँ-पिएर आणि फ्रांस्वा हे त्यांचे पुत्र आणि मग त्यांची मुले, असा हा कारभार पेरँ कुटुंबातच राहिला आहे.

या वाइनची मूळ कल्पना झाक पेरँ यांची आहे, आणि ती समजण्यासाठी आधी तिथले कायदे पाहावे लागतात. शातोनफ-द्यु-पापचे नियम पहिल्या महायुद्धात वैमानिक असलेल्या आणि कायद्याचे शिक्षण घेतलेल्या बॅरन पिएर ल रुआ यांच्या पुढाकाराने १९२३ मध्ये आखले गेले आणि १९३६ मध्ये त्यांना सरकारी मान्यता मिळाली. फ्रान्सभर आज लागू असलेल्या प्रदेशनाम-संरक्षणाच्या व्यवस्थेचा हा एक आरंभबिंदू मानला जातो. जिथे रानटी थाइम आणि लॅव्हेंडर एकत्र उगवतात तीच जमीन द्राक्षासाठी योग्य समजावी, हा या बॅरनचा निकष मला कोणत्याही भूगर्भशास्त्रीय अहवालापेक्षा जास्त आवडतो. द्राक्षे हातानेच खुडायची, खराब मणी वेचून काढायचे, हेक्टरी ३५ हेक्टोलिटरपेक्षा जास्त रस घ्यायचा नाही, वाइनमधला अल्कोहोल किमान साडेबारा टक्के असायचा आणि तो वाढवण्यासाठी बाहेरून साखर घालायची नाही, असे हे कडक नियम आहेत. (नियम करण्याची ही हौस गावाच्या अंगात मुरलेली असावी, १९५४ मध्ये इथल्या नगरपालिकेने उडत्या तबकड्यांना हद्दीत उतरण्याची बंदी घातली, आणि उतरल्यास त्या जप्त होतील असेही बजावले. तो आदेश अजून मागे घेतलेला नाही.)

याच नियमांत द्राक्षांच्या तेरा जाती मान्य केल्या आहेत, आणि त्यांत काळ्या जातींबरोबर पांढऱ्या जातीही येतात. बहुतेक उत्पादक त्यांपैकी तीन-चार जातींवर काम भागवतात आणि त्यांतही मोठा वाटा ग्रेनाशचा असतो, कारण ते द्राक्ष उन्हाला आणि कोरड्या मिस्त्राल वाऱ्याला पुरून उरते, गोड होते, लवकर खूश करते. बोकास्तेलमध्ये तेराच्या तेरा जाती लावलेल्या आहेत: ग्रेनाश, मूर्वेद्र, सिरा, सिंसो, कुनवाज, वाकारेज, तेरे न्वार, म्युस्कार्दां, पिकपूल, पिकार्दां, क्लेरेत, बुर्बूलांक आणि रूसान. यांतली काही नावे इथल्या बाहेर फारशी कोणी ऐकलेलीही नाहीत. तेरा जाती हा जाहिरातीसाठी सोयीचा आकडा आहे, आणि मला सुरुवातीला तो तेवढाच वाटत होता. पण लक्ष देण्याजोगी गोष्ट आकडा नसून प्रमाण आहे. इथे ग्रेनाश साधारण तीस टक्के असते आणि मूर्वेद्रही जवळजवळ तेवढेच, हे या परिसरात अगदी अपवादात्मक आहे. त्याखालोखाल सिरा आणि कुनवाज येतात आणि उरलेल्या जाती जेवणात फोडणीला जेवढे स्थान असते तेवढ्या प्रमाणात पडतात.

मूर्वेद्र हे अडेल द्राक्ष आहे. मुळात ते स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावरचे, तिथे त्याला मोनास्त्रेल म्हणतात. ते उशिरा फुटते, फार उशिरा पिकते, आणि पिकले नाही तर त्याची वाइन कडवट आणि कोती होते. डोके उन्हात आणि पाय पाण्यात असले तरच ते सुखी असते, असे प्रोव्हान्समध्ये म्हणतात. समुद्राजवळच्या बांदोलमध्ये त्याला ते सुख मिळते. बोकास्तेल तर त्याच्या पिकण्याच्या उत्तर सीमेच्या जवळ आहे. तेव्हा अशा ठिकाणी मळ्याचा एवढा मोठा भाग त्याच्या हवाली करणे म्हणजे दरवर्षी शेवटच्या दोन आठवड्यांच्या हवामानावर पैज लावण्यासारखे होते. ही पैज का लावली, याचे उत्तर पेल्यात सापडते. ग्रेनाश वाइनला उंची, गोडवा आणि मद्याची ऊब देते, पण हवेशी तिचे जमत नाही. ती लवकर विटकरी होते, सैल पडते. मूर्वेद्रचा स्वभाव नेमका उलटा, हवेपासून स्वतःला राखणारा आहे. त्याच्यात गडद रंग, घट्ट टॅनिन (सालीतून येणारा तुरट अंश) आणि चामडे, ओली माती, शिकारीचे मांस अशा वासांचा साठा असतो. दोघांना एकत्र बांधले की एकाचा अधीरपणा दुसऱ्याच्या हट्टाने आवरला जातो, आणि वीस-तीस वर्षे टिकणारी वाइन तयार होते.

झाक पेरँ यांचा दुसरा निर्णय याहून अधिक वादग्रस्त होता. रसाचे ऑक्सिडीकरण करणारी विकरे निष्प्रभ व्हावीत आणि त्यामुळे वाइन टिकवण्यासाठी घालतात त्या गंधकाचा वापर कमी करता यावा, यासाठी खुडून आणलेल्या द्राक्षांच्या सालीला काही क्षण सुमारे ८० अंश सेल्सिअसची उष्णता द्यायची आणि लगेच ती २० अंशांपर्यंत थंड करायची, अशी रीत त्यांनी बसवली. यात सालीतला रंग आणि सुगंधही लवकर सुटतो. परंपरेच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या घरातली ही रीत मुळीच परंपरागत नाही, याकडे मी वाचकांचे लक्ष मुद्दाम वेधतो. कारण याच माणसाने १९५० च्या सुमारास, म्हणजे सेंद्रिय शेती हा शब्द बाजारात चालू लागण्याच्या पुष्कळ आधी, मळ्यात रासायनिक खते आणि कीटकनाशके बंद केली आणि १९७४ मध्ये बायोडायनॅमिक पद्धत, म्हणजे चंद्र-ग्रहांचे वेळापत्रकही पाळणारी सेंद्रिय शेती, स्वीकारली. जमिनीबाबत जुन्याकडे आणि तळघरात नव्याकडे जाण्यात त्यांना काही विसंगती वाटली नसावी. प्रत्येक जात वेगळी आंबवली जाते. मूर्वेद्र आणि सिरा ओकच्या उघड्या लाकडी टाक्यांत, म्हणजे जिथे थोडी हवा मिळते तिथे, आणि ग्रेनाशसारख्या हवेला भिणाऱ्या जाती आतून फरश्या बसवलेल्या सिमेंटच्या टाक्यांत. मिश्रण झाल्यावर वाइन सुमारे वर्षभर ‘फुद्र’ नावाच्या प्रचंड लाकडी पिंपांत राहते. ही पिंपे इतकी मोठी असतात की लाकडाचा व्हॅनिलासारखा वास वाइनला लागत नाही, आणि महाग लाल वाइनमध्ये तो वास शोधणाऱ्यांची इथे निराशा होईल.

आता प्रत्यक्ष बाटलीकडे येतो. २०१६ हे दक्षिण रोनमधले अलीकडच्या काळातले अत्यंत नावाजलेले वर्ष आहे. उन्हाळा कोरडा होता, पण रात्री गार राहिल्या, आणि खुडणीपर्यंत द्राक्षे निरोगी राहिली. बाटलीच्या खांद्यावर काचेत उठवलेली पोपची चिन्हे आहेत; चौदाव्या शतकात पोपचे सिंहासन आविन्योंला असताना बाविसाव्या जॉनने या गावात उन्हाळी किल्ला बांधवला, त्याची ही आठवण. तो किल्ला पुढे बराचसा ढासळला, उरलेल्या बुरुजाचा अर्धा भाग १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने उडवला आणि आता डोंगरावर एक उंच, पोकळ भिंत तेवढी उभी आहे.

वाइन पेल्यात ओतली तेव्हा रंग मध्यापर्यंत गडद माणकासारखा आणि कडेला किंचित तांबडा होता. पहिल्या वासात तिने फारसे काही दिले नाही. काळी चेरी, थोडे ज्येष्ठमध, आणि त्यामागे बंद कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यासारखे काहीतरी, एवढेच. बोकास्तेल साधारण पाच-सहा वर्षांची झाली की मिटते आणि दहाव्या-बाराव्या वर्षानंतर पुन्हा उघडते, असे तिच्याविषयी सांगतात, आणि माझ्या बाटलीपुरते ते खरे होते. ती मी काचेच्या रुंद भांड्यात ओतून दोन तास तशीच ठेवली. त्यानंतर हळूहळू वाळलेल्या अंजिराचा, काळ्या मिरीचा, उन्हात तापलेल्या थाइमचा आणि शेवटी ओल्या मातीचा वास वर आला. चवीत पहिल्यांदा लागते ती ग्रेनाशची मऊ, जवळजवळ गोडसर भरीवता. मग जिभेच्या दोन्ही कडांवर काताची आठवण करून देणारा तुरटपणा येतो, पण तो ओरबाडत नाही. साडेचौदा टक्क्यांच्या आसपासचा अल्कोहोल असूनही घशाला चटका बसत नाही, याचे श्रेय मी मधूनच जाणवणाऱ्या खारट-आंबूस ताजेपणाला देईन. हा ताजेपणा कुनवाजचा असावा, कारण त्या जातीचे कामच ते आहे. मात्र तेरा आवाजांच्या गाण्यात एकाचा सूर अचूक वेगळा काढल्याचा दावा करणाऱ्या माणसावर मी विश्वास ठेवत नाही, त्यामुळे माझ्यावरही ठेवू नये. घोट गिळल्यावर चव जवळजवळ मिनिटभर रेंगाळते, आणि ती फळाची नसून मिरी, चामडे आणि किंचित लोखंडाची असते.

वासातल्या या चामड्याबद्दल थोडे अधिक सांगणे भाग आहे, कारण बोकास्तेलबाबतचा सर्वांत जुना वाद तोच आहे. तळघरांत ब्रेटॅनोमायसिस नावाचे एक यीस्ट असते. ते वाइनमध्ये वाढले की तबेला, घोड्याचा घाम, जखमेवरची पट्टी असे वास येतात. १९८० आणि १९९० च्या दशकांतल्या या मळ्याच्या काही गाजलेल्या वाइनमध्ये त्याचा अंश होता, आणि त्यावरून दोन तट पडले. एकाच्या मते तो सरळ दोष होता. दुसऱ्याच्या मते मूर्वेद्रचा मूळचाच रानटीपणा तसा असतो आणि तो धुऊन काढला तर वाइनचा चेहराच जाईल. मी पहिल्या पक्षाकडे झुकतो. रानटीपणा द्राक्षाचा असेल तर त्याच्या मागे फळ टिकून असते. यीस्टचा असेल तर तो फळ खाऊन टाकतो आणि पेल्यागणिक वाढत जातो. २०१६मध्ये पहिला प्रकार आहे, दुसरा मला जाणवला नाही.

ही वाइन कशी प्यावी याचा एक धडा मी आविन्योंमधल्या एका भोजनालयात घेतला होता. तिथे शातोनफचीच एक बाटली स्वयंपाकघराशेजारच्या फळीवरून थेट टेबलावर आली. ती खोलीपेक्षाही गरम होती, पेले बारके होते आणि पहिल्याच घोटाला अल्कोहोलखेरीज काही लागेना. बर्फाच्या भांड्यासाठी विनंती केल्यावर वाढप्याने माझ्याकडे असे पाहिले की जणू मी वाइनमध्येच बर्फ मागतो आहे. पंधरा मिनिटांनी तीच वाइन ओळखू येईनाशी झाली, इतकी सुधारली होती. लाल वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी हा नियम जाड भिंतींच्या, शेकोटीवर भागवणाऱ्या घरांच्या काळातला आहे. बोकास्तेलसाठी १६-१७ अंश पुरेसे आहेत, आणि ते पाळले नाहीत तर एवढे पैसे खर्च करण्यात अर्थ नाही.

पैशांचे म्हणाल तर फ्रान्समध्ये अलीकडच्या वर्षांच्या बाटलीला साधारण ७० ते १०० युरो पडतात. बोर्दो किंवा बुर्गोन्यमधल्या तेवढ्याच कीर्तीच्या मळ्यांशी तुलना केली तर ही किंमत माफक आहे, पण एकट्याने तुलना न करता पाहिली तर माफक नाही. याच घरची ‘ओमाज आ झाक पेरँ’ ही मूर्वेद्रप्रधान वाइन १९८९ पासून केवळ निवडक वर्षी काढली जाते. तिच्यासाठी काही शे युरो मोजावे लागतात, आणि तिच्या वाट्याला मी सहसा जात नाही. ज्यांना बोकास्तेलची ओळख करून घ्यायची आहे त्यांनी ‘कुदुले द बोकास्तेल’पासून सुरुवात करावी, असे मी सुचवेन. तो मळा मुख्य मळ्याला लागूनच, मधून गेलेल्या ए-७ या महामार्गाच्या पूर्वेला आहे. तिथली जमीन बरीचशी तशीच आहे, पण कायद्याची रेषा तिच्या अलीकडे थांबते, त्यामुळे ती वाइन साध्या कोत द्यु रोन या नावाने आणि जवळजवळ एक-तृतीयांश किमतीत विकली जाते. मोटारगाड्यांच्या आवाजापलीकडे उभे राहून ते दोन मळे पाहिले की नावाची किंमत किती आणि जमिनीची किती, हा प्रश्न आपोआप पडतो. पेल्यात कुदुले अधिक हलकी आणि लवकर पिण्याजोगी आहे. मधल्या चवीची खोली तिच्यात नाही.

मळ्याच्या नव्या तळघरांविषयीही एक वाक्य लिहिल्यावाचून राहवत नाही, कारण त्यांची रचना स्टुडिओ मुंबईचे वास्तुरचनाकार बिजॉय जैन यांनी केली आहे आणि त्यांतल्या भिंतींसाठी तिथेच खणून काढलेली माती ठोकून वापरली आहे. ज्या जमिनीवर वेली उभ्या त्याच जमिनीच्या पोटात वाइन मुरावी, हा विचार त्या घराच्या स्वभावाला धरून आहे.

त्या रात्री बाटलीतली एक-तृतीयांश वाइन उरली. बूच परत लावून मी ती गार जागी ठेवली आणि दुसऱ्या दिवशी रात्री, थाइम आणि लसूण घालून मंद आचेवर शिजवलेल्या कोकराच्या मांसाबरोबर, पुन्हा ओतली. एखाद्या निव्वळ ग्रेनाशच्या वाइनने एवढ्या अवधीत हात टेकले असते. इथे मात्र गोडवा मागे सरला होता, तुरटपणा रेशमासारखा झाला होता, आणि आदल्या संध्याकाळी दोन तास वाट पाहूनही अर्धवटच दिसलेली ती ओली माती, ते चामडे, तो रानातला वास आता पहिल्या श्वासातच समोर उभा होता. त्याच वर्षाच्या आणखी दोन बाटल्या माझ्याकडे आहेत. त्यांच्यावर मी त्याच रात्री चिठ्ठी चिकटवली: २०३० च्या आधी हात लावू नये.